आयपी पत्ता कुणाचा?

श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनकोड पद्धत टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ४४०००१. त्यातला ४४ पाहिला की पत्र विदर्भाकडे निघते, ४४० पाहिला की नागपुरात येते. या आकड्यांत कुणाचे नाव नाही, नुसती वाट आहे. इंटरनेटचा आयपी पत्ताही वाटेपुरताच असतो. तरीही ‘आयपी पत्त्यावरून आरोपी सापडला’ अशा बातम्या ऐकून आपण त्याला आधार क्रमांकाच्या पंक्तीला बसवले आहे. माझ्या मते हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा, हे घरातला वायफायचा डबाच सांगतो.

त्या डब्यात स्विच आणि राउटर दोन्ही नांदतात. स्विच घरातली यंत्रे एकमेकांना जोडतो. तो आयपी पत्ता बघतही नाही, प्रत्येक यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता बघतो. राउटर आयपी पत्ता वाचून घराबाहेरचा रस्ता ठरवतो. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका मोबाइलचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल, तर त्याच क्षणी नंदनवनातल्या एखाद्या टीव्हीचाही तोच असू शकतो. गोंधळ होत नाही, कारण हे खाजगी पत्ते इंटरनेटवर चालतच नाहीत. माहिती बाहेर पाठवताना राउटर त्यावर स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणते उत्तर कोणत्या यंत्राला द्यायचे, हे प्रत्येक जोडणीला दिलेल्या पोर्ट क्रमांकावरून ओळखतो. ही सारी काटकसर पत्त्यांच्या टंचाईपोटी आली. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्याही एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरतात.

मग पोलीस माणूस शोधतात कसा, असे कुणी विचारेल. शोधतात, पण नुसत्या पत्त्यावरून नव्हे. अमुक वेळी, अमुक पोर्टवर तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, हे कंपनीच्या नोंदींतून काढावे लागते. नोंदी १८० दिवस जपण्याचा सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा आदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. त्यातूनही हाती लागते ते जोडणीधारकाचे नाव. त्या वेळी वायफाय कोण वापरत होते, हा प्रश्न उरतोच. १२८ बिटांच्या आयपीव्ही६मुळे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देता येतो, तेव्हा ही अडचण संपेल, असाही एक आक्षेप आहे. तो अर्धाच खरा. खाजगीपणासाठी आजचे मोबाइल आपला आयपीव्ही६ पत्ता अधूनमधून बदलतात, वायफायवर खरा मॅक पत्ताही झाकतात.

थोडक्यात, नुसत्या पत्त्याला वेळेची जोड लागते आणि नोंदीही कायम राहत नाहीत. म्हणून ऑनलाइन फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा आणि घटनेची वेळ मिनिटासकट सांगा.