पाणी उतरल्यानंतरची चित्रं

माझ्या एका चित्रकार मित्राचं प्रदर्शन ठरलं आहे. मुंबईत, जहांगीर आर्ट गॅलरीत. तिथला आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. हा एक आठवडा मिळावा म्हणून गावोगावचे चित्रकार अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहतात. आम्हा कवींचं बरं असतं. कविता झाली की पाकिटात घालून पाठवायची, नाही छापली तर दुसरीकडे पाठवायची. चित्रकाराचं उलटं आहे. त्याला तारीख आधी मिळते आणि त्या तारखेला भिंतीवर काय लागणार आहे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

माझा मित्र कोल्हापूरचा. गंगावेशीच्या अलीकडे त्याचं जुनं घर आहे. शाळेत कलाशिक्षक होता, आता निवृत्त आहे. तीसेक वर्षं त्यानं जलरंगात निसर्गचित्रं काढली. पंचगंगेचा घाट, पावसाळी आभाळ, रंकाळ्याची संध्याकाळ. कोल्हापुरात या कामाला मोठी परंपरा आहे. आबालाल रहिमान तिथलेच. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम चालायचं. ते मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून त्यांनी पाणी आणि उजेड रंगवला. पुढच्या पिढ्यांतले कितीतरी चित्रकार त्याच वाटेनं गेले. माझा मित्रही त्यांतलाच एक. त्याची चित्रं डॉक्टरांच्या दवाखान्यात, वकिलांच्या दिवाणखान्यात लागायची. विकली जायची. त्यात वाईट काही नाही.

त्याचं एक चित्र माझ्याही घरी आहे. त्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात भिंतीवर तसबीर लावायची रीत नव्हती. मक्का-मदिनेचं कॅलेंडर तेवढं असायचं. ज्या घरात नमाज पढतात तिथं माणसाची, जनावराची तसबीर नको, असं अब्बांचं म्हणणं होतं. १९९४ साली मित्रानं मला रंकाळ्याचं एक चित्र भेट दिलं. मी ते कागदात गुंडाळून चोरासारखा घरी आणलं. अब्बांनी ते उघडायला लावलं, चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘‘यात माणूस नाही ना?’’ नव्हता. काठावर एक म्हैससुद्धा नव्हती. रंकाळ्यावर म्हैस नाही असं कधी झालंय का? मित्रानं ती मुद्दाम वगळली होती. आमचं घर त्याला माहीत होतं. अब्बा म्हणाले, ‘‘मग लाव. पाणी चांगलं आहे.’’ पुढं आयुष्यभर ते त्या चित्राखाली खुर्ची टाकून बसत.

जहांगीरसाठी मित्रानं अर्ज केला २०१८ साली. सोबत निसर्गचित्रांचे फोटो जोडले होते. ऑगस्ट २०१९मध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात ते आलं त्यांना मी काही सांगायला नको. मित्राच्या घरात २००५च्या पुराची खूण भिंतीवर होती. अनेकांनी केलं तेच त्यानं केलं. त्या खुणेच्या हातभर वर ट्रंका ठेवल्या, दाराला कुलूप लावलं आणि बायकामुलांना घेऊन पाहुण्यांकडे गेला. पाण्यानं २००५ची खूण मानली नाही.

पाणी उतरल्यावर मी त्याच्याबरोबर गेलो होतो. ट्रंक उघडली तेव्हा आत चित्रं नव्हती, लगदा होता. जलरंगाचं काम, त्यात चार-पाच दिवस पाण्याखाली. वहिनी घमेल्यानं गाळ काढत होत्या आणि हा ट्रंकेपुढं उकिडवा बसून एकेक कागद सोडवत होता. काही कागदांवर रंग पसरून भलतेच सुंदर आकार झाले होते. नंतर ते पाहून कुणीतरी सुचवलं, हेच प्रदर्शनात लावा, लोक वेडे होतील. तो म्हणाला, ‘‘ते पाण्यानं काढलंय. त्याखाली मी सही कशाला करू?’’ आणि सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मला वाटतं, त्या दिवशी तो अडून बसला नसता तर पुढचं काम झालं नसतं.

दीड-दोन वर्षं त्यानं ब्रश हातात धरला नाही. करोनानं सगळंच बंद पाडलं, प्रदर्शनाची गोष्ट मागं पडली. जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी सामान माडीवर होतं, नुकसान थोडं झालं. भिंतीवर मात्र दुसरी रेघ उमटली. ती रंगवून टाकायला रंगारी बोलावला होता, त्याला यानं परत पाठवलं. मग त्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसला.

आधी त्यानं नदीचा गाळच डिंकात कालवून कागदाला लावून पाहिला. वाळला की तडकायचा, पापुद्रे निघायचे. एकदा माझ्यासमोरच अर्धं चित्र फरशीवर गळून पडलं. ‘‘गाळ गाळासारखा वागतो, रंगासारखा नाही,’’ म्हणाला आणि परत जलरंगाकडे आला. आता त्याच्याकडे अठरा चित्रं तयार आहेत. सगळ्या भिंती. शेजाऱ्यांच्या घरातल्या, तालमीतल्या, कुंभार गल्लीतल्या. कुठं रेघ गुडघ्याएवढी, कुठं छपराला टेकलेली. रेघेखाली ओलीचे करडे, हिरवट, तांबूस थर. वर एखादा खिळा, देवाच्या फोटोमागं उरलेली पांढरी चौकट. माणूस एकाही चित्रात नाही.

मी विचारलं, ‘‘म्हणजे तू अमूर्ताकडे वळलास?’’ तो चिडलाच. ‘‘अरे शायर, मी निसर्गचित्रच काढतोय की. आधी नदी बघायला मी घाटावर जायचो. आता ती घरात येते.’’

पण भीती त्यालाही आहे. ज्यांनी आजवर घाट विकत घेतले ते हे घेतील का? मुंबईचे जाणकार म्हणणार, कोल्हापूरचा मास्तर म्हातारपणी नवं काहीतरी करायला गेला. अर्ज केला तेव्हा दाखवलेली चित्रं एक आणि लागणार दुसरीच. फ्रेमा, कॅटलॉग, टेंपोचं भाडं, आठवडाभर मुंबईत राहणं, सगळं पेन्शनमधून. वहिनींनी मला एकटं गाठून विचारलं, ‘‘भावजी, घरातली ओल कुणी पैसे देऊन घेतं का हो? आम्ही तर ती घालवायला पैसे देतो.’’ मला हसू आलं, पण उत्तर नव्हतं. काहींनी त्याला सोपा मार्गही सांगितला होता. लोकांच्या घरी गेलेली जुनी चित्रं आठवडाभरासाठी मागून आण, त्यांवरून नवी कर. त्याला ते जमलंही असतं. त्याचा हात अजून तसाच चालतो.

कॅटलॉगसाठी त्यानं मला चार शब्द मागितले. मी दोन पानं लिहिली. त्यात आबालाल आणले. कोल्हापुरात सांगतात की, १९२२ साली शाहू महाराज गेल्यावर दुःखानं आबालालनी आपली पुष्कळशी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली. मला वाटलं, केवढा धागा सापडला! शंभर वर्षांच्या अंतरानं दोन चित्रकार आणि पाणी. मित्रानं वाचलं, पेन्सिल घेतली आणि तो सगळा परिच्छेद खोडला. ‘‘त्यांनी स्वतः बुडवली. माझी बुडाली. एका ओळीत बसवू नकोस.’’ मग ‘वेदना’ खोडला, ‘जलसमाधी’ खोडला. शेवटी पाच ओळी उरल्या, त्यांत मुख्यतः गावाचं नाव आणि पुरांची वर्षं आहेत. तीस वर्षं कविता लिहितो मी. राग आला. घरी येऊन पुन्हा वाचल्या तेव्हा त्या पाच ओळी बऱ्या वाटल्या, हे अजून त्याला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तो आमच्या घरी आला. माझं घर चढावर आहे, तिथं पाणी पोचत नाही. म्हणाला, ‘‘तुझ्याकडचा रंकाळा बघू दे. तेव्हा पाण्यात कोणता निळा घातला होता, आठवत नाही.’’ अब्बा आता नाहीत, त्यांची खुर्ची अजून तिथंच आहे. ती बाजूला सारून मी चित्र खाली उतरवलं आणि खिडकीपाशी धरलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. भिंतीकडे बघत होता. तीस वर्षांत चुना पिवळा पडला होता आणि चित्राच्या जागी स्वच्छ पांढरी चौकट उरली होती. चौकटीखाली, अब्बा डोकं टेकून बसत तिथं, तेलाचा एक गोल डाग.

त्यानं पिशवीतून वही काढली. चौकटीची उंची वितीनं मोजली, डागाची मोजली. निळा विचारायचा तो विसरला. जाताना म्हणाला, ‘‘एकोणिसावं चित्र होईल. दोन-तीन दिवस ते परत टांगू नकोस.’’

रंकाळा अजून माझ्या पलंगावर, भिंतीला टेकून उभा आहे. तो उद्या रंग घेऊन येणार आहे.