जुना लॅपटॉप आणि परवान्याची किल्ली



हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात बैल घेण्यास गेलेला शेतकरी विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरवितो. जमीन घेणारा मनुष्य पहाणीचा उतारा मागतो; सीमेपलीकडे महाराष्ट्रात त्याच कामासाठी सातबारा पाहिला जातो. वस्तू पाहावी आणि वस्तूवरील हक्कही पाहावा, ही समज आपल्या ग्रामीण समाजाच्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र वापरलेला लॅपटॉप घेताना ही समज मागे पडते. यंत्र पाहिले जाते; हक्क पाहिला जात नाही. आजच्या भाषणाचा विषय हा हक्क होय.

बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्याला महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन राज्यांच्या सीमा भिडतात. याच तालुक्यातील चिंताकी आणि भोवतालच्या गावांतून मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्य बदलले, तरी मोठ्या खरेदीसाठी हैदराबादची वाट धरण्याची रीत पुष्कळशी टिकून आहे. हैदराबाद, बंगळुरू व पुणे येथील कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप काही वर्षांनी मोडीत काढतात. ते व्यापाऱ्यांच्या हाती जातात, पुसूनपासून दुकानात येतात आणि तेथून महाविद्यालयीन विद्यार्थी, शिक्षक व लहान सेवा केंद्रे यांच्या घरी पोहोचतात. नव्या यंत्राच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळणारे हे साधन सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मोलाचे आहे, यात शंका नाही.

अडचण पुढे येते ती काही महिन्यांनी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूस, विंडोज सक्रिय करावे अशी सूचना पुसट अक्षरांत उमटते. यंत्र बंद पडत नाही. पण पडद्याचे चित्र व रंग बदलण्याची सोय थांबते आणि सूचना हटत नाही. घाबरलेला ग्राहक कोणाकडून तरी शे-पाचशे रुपयांत एक ‘किल्ली’ घेतो, किंवा गावातील जाणता समजला जाणारा एखादा तरुण पेन ड्राइव्हमधून काहीतरी घालून देतो. या दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत. त्या का धोक्याच्या आहेत, हे समजण्यासाठी परवाना म्हणजे काय, ते प्रथम पाहिले पाहिजे.

हक्काचे तीन प्रकार

लॅपटॉपमधील सर्व कामे ज्या मूळ आज्ञावलीच्या आधारे चालतात, तिला कार्यप्रणाली म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही त्यांपैकी सर्वांत परिचित कार्यप्रणाली होय. ग्राहक यंत्राचा मालक होतो, विंडोजचा नव्हे. विंडोज वापरण्याची त्याला केवळ अनुज्ञा मिळते आणि या अनुज्ञेलाच परवाना म्हणतात. ‘प्रॉडक्ट की’ ही पंचवीस अक्षरांची, पाच-पाचच्या पाच गटांत लिहिलेली खूण त्या परवान्याची ओळख पटविते. कुलपाची किल्ली हाती आली म्हणून घर आपले होत नाही. तद्वत् ही पंचवीस अक्षरे मिळाली म्हणून हक्क मिळाला, असे समजू नये.

परवान्याचे मुख्य प्रकार तीन आहेत आणि शेतकऱ्याला ते सहज उमगतील.

पहिला प्रकार, यंत्र बनविणाऱ्या कंपनीने यंत्रासोबतच दिलेला परवाना. विहिरीतील पाण्याचा हिस्सा जसा शेताला जोडलेला असतो, तसा हा परवाना त्या एका यंत्राला जोडलेला असतो. शेत विकले की पाण्याचा हिस्सा नव्या धन्याकडे जातो. पण तो हिस्सा उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही.

दुसरा प्रकार, दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना. हा बैलजोडीसारखा आहे. धनी ती एका शेतातून सोडवून दुसऱ्या शेतात नेऊ शकतो, पण एका वेळी एकाच ठिकाणी. पहिल्या मालकाने असा परवाना आपल्या नव्या लॅपटॉपवर नेला असेल, तर जुन्या लॅपटॉपवर त्याचा काही हक्क उरत नाही.

तिसरा प्रकार, मोठ्या संस्थेने आपल्या अनेक यंत्रांसाठी एकत्रित घेतलेला परवाना. हा सरकारी निवासस्थानासारखा आहे. नोकरी आहे तोवर घर आहे. याच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत यंत्राला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क साधून मुदत वाढवून घ्यावी लागते. कंपनीतून बाहेर पडलेल्या लॅपटॉपला तो सर्व्हर भेटत नाही. दुकानात चांगले चालणारे यंत्र काही महिन्यांनी सूचना का दाखवू लागते, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

खरेदीपूर्वी परीक्षा

परवाना कोणत्या प्रकारचा आहे हे दुकानातच दोन मिनिटांत पाहता येते. कळफलकावरील विंडोजचे बटण आणि ‘आर’ हे अक्षर एकत्र दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत ‘एस-एल-एम-जी-आर’ ही पाच इंग्रजी अक्षरे, त्यानंतर एक मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागून ‘डी-एल-आय’ ही तीन अक्षरे लिहावीत. थोड्याच वेळात एक लहान फलक दिसतो. त्यावर ‘ओईएम’ असा शब्द असेल तर परवाना यंत्राचा, ‘रिटेल’ असेल तर दुकानातला आणि ‘व्हॉल्यूम’ असेल तर संस्थेचा, असे समजावे. शेवटचा शब्द दिसल्यास विक्रेत्याला स्पष्ट खुलासा विचारावा. मात्र या एका फलकावर सर्व भिस्त ठेवू नये, पावतीही पाहावी.

परवान्याच्या खुणेची जागा काळानुसार बदलली आहे. इंटरनेट किंवा दूरध्वनीद्वारे विंडोज सक्रिय करण्याची पद्धत सर्वसामान्य ग्राहकांसाठी २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर आली. विंडोज ७ पर्यंत पंचवीस अक्षरे यंत्राच्या पाठीवरील कागदी पट्टीवर छापलेली असत. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून बहुतेक कंपन्या ती अक्षरे यंत्राच्या अंतर्भागातील चिपमध्येच नोंदवून ठेवतात. २०१५ मध्ये विंडोज १० आले, तेव्हापासून यंत्राच्या घडणीची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदविणारा ‘डिजिटल परवाना’ही रूढ झाला.

यातून ग्राहकाच्या लाभाची एक गोष्ट निघते. कंपनीचे अनेक लॅपटॉप मुळात विंडोजच्या परवान्यासहच विकत घेतलेले असतात. कंपनी त्यावर आपली संस्थात्मक आवृत्ती नंतर बसविते. अशा यंत्राच्या चिपमध्ये मूळ किल्ली तशीच असते. यंत्र ज्या आवृत्तीसह आले होते तीच आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन नव्याने बसविली, तर विंडोज ती किल्ली स्वतः शोधते आणि इंटरनेटशी जोडताच सक्रिय होते. ग्राहकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याचे कारण नाही. नव्याने बसविताना जुनी माहिती पुसली जाते. म्हणून तिची प्रत आधी वेगळी काढून ठेवावी.

किल्ली बदलण्याची रीत

नवी, रीतसर किल्ली घेतली असेल, तर ती बदलणे अवघड नाही. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ येथे जावे. विंडोज १० मध्ये हाच भाग ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या सदरात आहे. तेथे ‘चेंज प्रॉडक्ट की’ निवडून पंचवीस अक्षरे भरावीत. इंटरनेट चालू असावे. केवळ किल्ली बदलल्याने फाइली पुसल्या जात नाहीत.

चार गोष्टींकडे मात्र अवश्य लक्ष द्यावे.

एक : किल्ली आणि आवृत्ती यांचा मेळ असला पाहिजे. ‘होम’ आवृत्तीवर ‘प्रो’ची रीतसर किल्ली घातल्यास विंडोज वरच्या आवृत्तीत जाते, उलट ‘प्रो’ असलेल्या यंत्रावर ‘होम’ची किल्ली चालवावयाची तर विंडोज पुन्हा बसवावे लागते.

दोन : भारतात अनेक लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती येते. तिच्यात पडद्यावरील सूचनांची भाषा बदलता येत नाही. तथापि मराठी वा कन्नड टंकलेखन कोणत्याही आवृत्तीत करता येते. केवळ मराठी लिहिण्यासाठी नवा परवाना घ्यावा लागेल, असे कोणी सांगितल्यास ते मानू नये.

तीन : विक्रेत्याने आधीच्या मालकाचे खाते यंत्रातून काढले आहे, याची खात्री करावी. काही यंत्रांतील साठा कुलूपबंद असतो आणि त्याची सोडवणूक करणारे आकडे पहिल्या मालकाच्या खात्यातच असतात.

चार : काही कंपन्यांची यंत्रे कंपनीच्या नावे सर्व्हरवर नोंदलेली असतात. विंडोज नव्याने बसविताच असे यंत्र त्या कंपनीचे खाते मागते. कंपनीने नोंद रद्द केल्याखेरीज हा अडसर कोणत्याही किल्लीने रीतसर दूर होत नाही. म्हणून दुकानात विंडोज नव्याने सुरू करवून, पहिल्या पडद्यापासून पाहूनच पैसे द्यावेत.

आडवाट आणि तिचा धोका

अत्यल्प दरात विकल्या जाणाऱ्या किल्ल्या अनेकदा एखाद्या संस्थेच्या सामायिक परवान्यातील किंवा मोडीत निघालेल्या यंत्रांवरील असतात. आज चाललेली अशी किल्ली मायक्रोसॉफ्टने उद्या रद्द केली, तर दाद मागण्यास जागा नसते. पेन ड्राइव्हमधून येणारी फुकटची ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ साधने त्याहून घातक. ती बसविण्यासाठी प्रथम विषाणूरोधक व्यवस्था बंद करावयास सांगतात. म्हणजे राखणदाराला रजा देऊन दार उघडे ठेवण्यासारखेच. अशा साधनाच्या आवरणाखाली परवलीचे शब्द चोरणारी आज्ञावली पसरविली जात असल्याचे २०२१ मध्ये उघडकीस आले आहे. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, विद्यार्थ्यांचे गुण आणि गावकऱ्यांचे आधार क्रमांक नोंदविले जातात, तेथे हा धोका एका माणसापुरता राहत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब अन्वये, संगणकाच्या आज्ञावलीची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारात नसेल तर न्यायालय कारावास न देता ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. शुल्क घेऊन सेवा देणाऱ्या केंद्रांनी हा फरक विशेष ध्यानी घ्यावा.

विक्रेत्याने परवाना खरा आहे असे सांगून खोटा दिला असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० वर तात्काळ कळवावे. परंतु तक्रारीचा मुख्य आधार पावती होय. यंत्राचा अनुक्रमांक, विंडोजची आवृत्ती आणि परवान्याचा प्रकार पावतीवर लिहून घ्यावा. मायक्रोसॉफ्टची मान्यता असलेले काही व्यावसायिक जुनी यंत्रे दुरुस्त करून नव्या परवान्यासह विकतात. थोडे अधिक पैसे पडले तरी तो व्यवहार निर्धास्त असतो.

परवडत नसेल तर

एवढे करूनही विंडोजचा परवाना परवडत नसेल, तर प्रामाणिक वाट बंद झालेली नाही. लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य वापरण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मुभा तिच्या परवान्यातच आहे. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने २००७ मध्ये लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली लोकांपुढे ठेवली. तिच्यात मराठी व कन्नड या दोन्ही भाषांची सोय आहे. केरळमधील शासकीय शाळांतून अनेक वर्षे लिनक्सवरच शिक्षण चालू आहे. विंडोजसाठीच लिहिलेल्या काही आज्ञावल्या लिनक्सवर चालत नाहीत, ही उणीव खरी. परंतु लेखन, हिशेब, इंटरनेट आणि अभ्यास ही कामे तिच्यावर उत्तम होतात.

या पर्यायाचे महत्त्व आता वाढले आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा व्यवस्था आणि त्यातल्या त्यात नवे प्रोसेसर लागत असल्याने अनेक जुनी यंत्रे तिच्या कक्षेबाहेर राहतात. अशा यंत्रासाठी महागडी किल्ली घेणे म्हणजे मोडक्या गाडीला चांदीची वंगणी लावणे होय. त्यावर लिनक्स बसविल्यास ते आणखी काही वर्षे मुलांच्या उपयोगी पडेल.

लॅपटॉपवरील प्रत्येक रुपया कोणाच्या तरी तुरीच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीतून आलेला असतो. तो वाया जाऊ नये, यासाठी शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना परवान्याचे हे तीन प्रकार समजावून द्यावेत; ग्रामपंचायतीने आपल्या कार्यालयातील यंत्रे एकदा तपासून घ्यावीत; आणि लॅपटॉप घेण्यासाठी शहरात जाणाऱ्याने सोबत एक जाणता मनुष्य न्यावा. बैलाचे दात पाहणाऱ्या समाजाला हे अवघड नाही.