केसांचे घरटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. लोणच्या-पापडांवर बोल म्हटले असते तर घटकाभर बोलले असते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "अनुभवाचे बोला." तेव्हा आधी एक कबुली देते. 2023 च्या श्रावणात मी मंगळागौरीला आले नाही. थोरला मामाकडे गेला आहे आणि घरी कोणी नाही, असे तुम्हांला कळविले. ते खोटे होते. तो घरातच पालथा पडून होता. दुखण्याची जागा सांगायची मला लाज वाटली.

थोरला मालाचा टेंपो चालवितो. बारा-बारा तास बैठक. काही दिवस तो एका कुशीवर कलून जेवायला बसे. मी म्हणे, "नीट बस, आळशासारखा काय बसतोस!" एक दिवस धुणे धुताना त्याच्या विजारीवर पू-रक्ताचा डाग दिसला, तेव्हा मला कळले. माकडहाडाच्या वर, दोन्ही कुल्ल्यांमधील घळीत गळू झाले होते. त्याचे लग्नाचे बघत होतो, म्हणून तोही गप्प राहिला होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि सांगितले, "हे वरवरचे झाले. सूज ओसरली की सर्जनला दाखवा." ठणका थांबला आणि आम्ही ते विसरलो. चूक आमचीच. चार महिन्यांनी तेच गळू पुन्हा उठले.

तरी तो सर्जनकडे जाईना. त्याला कारण होते. माझ्या थोरल्या दिरांना 1998 साली हेच झाले होते. तेव्हा सारा भाग खोल कापून जखम उघडी ठेवली होती. ती आतून भरून यायला अडीच महिने लागले. जाऊबाई रोज जखमेत औषधाची पट्टी भरीत आणि भावजी उशी दातांत धरीत. ते त्याने लहानपणी ऐकले होते.

अखेर यजमानांनी व मी त्याला बळेच नेले. सर्जनने आम्हांला कागदावर चित्र काढून समजाविले. मला वाटे, हे रक्तदोषाचे किंवा मूळव्याधीचे दुखणे. तसे नव्हे. डोक्याचे, पाठीचे गळलेले केस त्या घळीत साठतात. घाम आणि बसण्याचे घर्षण यांनी केसाचे टोक कातडीत शिरते. आपल्या साडीच्या काठात कुसळ शिरते ना, ते पुढेच सरकते, मागे येत नाही, केसाचेही तसेच. आत केसांचा पुंजका होतो, पू धरतो आणि नळीसारखी वाट पडते. अमेरिकेतील डॉ. हॉजेस यांनी 1880 साली या दुखण्याला जे नाव दिले, त्याचा अर्थच 'केसांचे घरटे' असा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील हजारो जवान याने आजारी पडले. जीपगाडीचे हादरे हे कारण समजून डॉक्टरांनी त्याला 'जीपचा रोग' म्हटले. टेंपोवाल्याच्या आईला हे लगेच पटले!

मग ते म्हणाले, "आता प्रत्येकाला एवढे कापावे लागत नाही." अमेरिकेतच डॉ. बॅस्कम यांनी 1980 साली दाखविले की, मधली बारीक भोके तांदळाच्या दाण्याएवढी कापून काढायची आणि बाजूला लहान छेद घेऊन आतले साफ करायचे, एवढ्यानेही बरे होते. पुढे इटलीतील डॉ. मायनेरो यांनी 2014 साली दुर्बिणीची रीत प्रसिद्ध केली. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण त्या भोकातून आत घालतात, पडद्यावर बघत चिमट्याने केस ओढून काढतात, आतली वाट जाळून स्वच्छ धुतात. काही ठिकाणी लेसरनेही ती वाट बंद करतात.

मी धीर करून विचारले, "डॉक्टर, पुन्हा होणार नाही ना?" त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाले, "होऊ शकते. जखम लहान, कामावर लवकर जाता येते, पण मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा पुन्हा होण्याचा संभव थोडा अधिक. आणि वाटा फार पसरल्या असतील तर शेजारची कातडी फिरवून शिवावी लागते. तुम्ही वेळेत आलात, म्हणून याला लहान रीत चालेल." त्या स्पष्ट बोलण्यानेच माझा विश्वास बसला.

कमरेखाली भूल देऊन दुर्बिणीने काम झाले. दुसऱ्या दिवशी पोरगा चालत घरी आला. जखम बोटाच्या पेराएवढी. महिन्याच्या आत तो गाडीवर गेला. बाहेर काढलेले केस डॉक्टरांनी बशीत दाखविले, चिमूटभर होते. चिमूटभर केसांनी आमच्या घराची आठ महिने झोप उडविली होती.

पण जखम लहान म्हणून पथ्य लहान नव्हे. रोज धुऊन कोरडे करणे, सांगितल्याप्रमाणे तिथले केस काढणे, आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करणे, एवढे तो आजही पाळतो.

भगिनींनो, हे दुखणे वयात आल्यापासून चाळिशीपर्यंत अधिक होते. मुलांना जास्त, पण मुलींनाही होते, आणि मुली तर आईलाही सांगत नाहीत. तेव्हा लेकरू कलून बसले, कपड्यावर डाग दिसला, तर रागावू नका, पोटिसे बांधीत बसू नका. जवळ बसवून विचारा आणि सर्जनला दाखवा. शरीराचा कोणताच भाग लाजेचा नाही. मी हे आधी समजले असते, तर आठ महिने आधी सुटलो असतो; आणि मंगळागौरीचे तुमचे खेळही चुकले नसते.

त्या खोट्याबद्दल मला क्षमा करा.