दिंडीच्या वाहनातील अग्निसुरक्षा

(उमरी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि फिरत्या घराची कल्पना सर्वत्र बोलली जाऊ लागली. आपल्या भागाला ती नवी नाही. आषाढी वारीसाठी दिंडी पायी निघते आणि मागून तिचा ट्रक जातो. शिधा, अंथरुणे, शेगडी, गॅसचे सिलिंडर सारे त्यातच. मालवाहू वाहनात माणसे बसविणे नियमात बसत नाही. परंतु मुक्कामी ट्रक उभा राहिला की वृद्ध वारकरी त्यातच अंग टाकतात, हे आपण सारे जाणतो.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे मदुराई स्थानकात यात्रेकरूंच्या रेल्वेडब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. उत्तर प्रदेशातून देवदर्शनास निघालेल्या त्या मंडळींच्या डब्यात, नियमाविरुद्ध, गॅसचे सिलिंडर होते. डबा त्या वेळी उभा होता, हे विशेष ध्यानात घ्यावे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. उघड्यावर गळला तर वाऱ्याने पांगतो. ट्रकच्या हौद्यात मात्र तो पाण्यासारखा तळाशी साचतो. वर ताडपत्री, तिन्ही बाजूंनी फळ्या, मागे फाळका लावलेला. मग त्याने जावे कोठून? गळती समजावी म्हणून गॅसला उग्र वास मुद्दाम दिलेला असतो; पण झोपलेल्या माणसाचा त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय झोपणाऱ्यांची अंथरुणे तळाशीच असतात. तेव्हा शेगडी ट्रकाबाहेर, सिलिंडर उभे आणि रेग्युलेटर रात्री बंद, एवढे दिंडीप्रमुखांनी कटाक्षाने पाहावे. वास आल्यास काडी ओढू नये, बॅटरीचे बटणही दाबू नये. प्रथम माणसे उतरवावीत. कोरड्या पावडरीचे अग्निशामक चालकाजवळ असावे, सामानाखाली नव्हे.

हे सारे वारकऱ्यांना कळत नाही असे नाही. आषाढात पाऊस येतो, चूल भिजते आणि शेगडी आपोआप ताडपत्रीखाली जाते. दोष अज्ञानाचा कमी, आडोशाच्या अभावाचा अधिक आहे. म्हणून माझी विनंती वाटेवरच्या ग्रामपंचायतींना आहे. मुक्कामाच्या जागी, ट्रकापासून दूर, पत्र्याचे एक उघडे छप्पर स्वयंपाकासाठी उभारून द्यावे. उमरी तालुक्यातील ग्रामपंचायतींनी हा विषय ज्येष्ठातील सभेतच घ्यावा. दिंड्या निघाल्यावर वेळ उरत नाही.