कल्पित रुग्णांची परीक्षा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वैद्यक हा आमचा विषय नव्हे. आमचे आयुष्य खडू-फळ्यापुढे गेले. परंतु परीक्षा कशी घ्यावी, याविषयी चार शब्द बोलण्याचा शिक्षकास अधिकार आहे, असे आम्ही समजतो. मोठ्या रुग्णालयांत आता डॉक्टर औषधे संगणकावर नोंदवितात. अक्षर लागत नाही ही तक्रार मिटली. पण त्या संगणकाची परीक्षा कोणी घ्यायची?

अमेरिकेत पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात 2002 साली ही पद्धती सुरू झाली. बाहेरच्या रुग्णालयांतून तेथे आणलेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा 2.80 होते, ते पुढील पाच महिन्यांत 6.57 झाले. तेथील डॉक्टरांनीच हे 2005 साली प्रसिद्ध केले, याबद्दल त्यांचे धैर्य वाखाणले पाहिजे. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधे सांगून ठेवता येत. आता ते पोहोचून नोंद होईपर्यंत संगणक आज्ञा घेईना. सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयात मात्र अशी वाढ आढळली नाही, हेही सांगणे न्याय्य होय.

अशी अडचण आधी कळावी म्हणून सिम्युलेशन, म्हणजे लुटुपुटीचा प्रयोग, करतात. अमेरिकेतील लीपफ्रॉग या संस्थेच्या चाचणीत कल्पित रुग्ण संगणकात घालतात; त्यांचे वय, वजन, कोणते औषध सोसत नाही, सर्व लिहितात. मग डॉक्टर मुद्दाम घातक औषध नोंदवितो आणि संगणक हटकतो की नाही ते पाहतात. 2008 साली 62 रुग्णालयांत ही चाचणी झाली, तेव्हा प्राणघातक ठरू शकणाऱ्या आज्ञांपैकी शेकडा 53 च पकडल्या गेल्या! पुढे या चाचणीतील सरासरी गुण 2009 मधील 53.9 वरून 2018 पर्यंत 65.6 वर गेले. आमच्या वर्गात एवढे गुण मिळविणारा उत्तीर्ण होई. येथे उरलेले गुण म्हणजे माणसे आहेत.

उलट, ऊठसूट हटकणारा संगणकही निरुपयोगीच. सदा ओरडणाऱ्या मास्तराकडे मुले जशी लक्ष देत नाहीत, तसेच डॉक्टरही त्याच्या सूचना न वाचता पुढे जातात.

आपल्या ज्ञातीतील जे तरुण संगणकाच्या व्यवसायात आहेत, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, कल्पित रुग्ण रचताना ते सोयीचे रचू नका. रात्री दोन वाजता बेशुद्ध आणलेला, सोबत कोणी नसलेला रुग्ण घ्या. एकाच नावाआडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर ठेवा. आपल्या सभासदांच्या यादीत अशा जोड्या हव्या तितक्या सापडतील.