श्वासमार्गाचा आधार आणि त्याची कसोटी
(भाषण)



अन्नावाचून मनुष्य काही दिवस तग धरतो. श्वासावाचून काही मिनिटेही नाही. म्हणूनच श्वासनलिका अरुंद होणे हे मोठे संकट होय. क्षयाचा व्रण भरताना ती आकसते, कर्करोगाची गाठ तिला दाबते, तर अतिदक्षता विभागात दीर्घकाळ घातलेल्या नळीमुळेही तिला इजा होते. क्षयरोग आपल्या भागाला परका नाही. मिरजेजवळील वानलेसवाडीचे आरोग्यधाम त्याच्याच उपचारासाठी उभारले गेले होते.

आकसलेल्या मार्गाला आतून आधार देणारी नळी म्हणजे स्टेंट. किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहणाऱ्यांना नळीचे शास्त्र नव्याने सांगावयास नको. परंतु श्वासाची नळी लोखंडासारखी स्थिर नसते. ती खोकल्याने हादरते. तिच्या अस्तरावरील सूक्ष्म केस कफ वर ढकलतात. स्टेंटवर असे केस नसल्याने कफ तेथेच साचतो. शिवाय स्टेंट जागेवरून सरकतो आणि त्याच्या कडांशी मांस वाढते. हे तिन्ही दोष दूर करण्याचा प्रयत्न म्हणजेच त्याच्या सुधारणेचा इतिहास.

१९६५ साली अमेरिकेतील डॉ. विल्यम माँटगोमेरी यांनी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची नळी प्रचारात आणली. १९९० साली फ्रान्समधील डॉ. द्यूमाँ यांनी सिलिकॉनच्या नळीला बाहेरून उंचवटे दिले, त्यामुळे ती सरकणे कमी झाले. पुढे धातूच्या जाळीचे स्टेंट आले. ते बसविण्यास सोपे, म्हणून लोकप्रिय झाले. परंतु जाळीतून मांस वाढे, तारा तुटत आणि काढणे दुष्कर होई. अखेर २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की कर्करोग नसलेल्या रुग्णांत अन्य सर्व उपाय तपासल्यावाचून ते वापरू नयेत. बसविण्याची सोय आणि रुग्णाचे दीर्घकालीन हित या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा मात्र रुग्णांच्या यातनांतून मिळाला.

२०१२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, श्वासनलिका वारंवार मिटत असलेल्या तान्ह्या बाळासाठी त्रिमितीय छपाईने आधारपट्टी घडविण्यात आली. ती नळीच्या बाहेरून शिवली गेली. काही वर्षांत शरीरात विरघळेल अशाच पदार्थाची ती होती. बाळ वाचले. २०२० साली रुग्णाच्या स्कॅनवरून त्याच्याच मापाचे सिलिकॉन स्टेंट घडविण्याच्या पद्धतीलाही अमेरिकेत मान्यता मिळाली.

अशी साधने आधी प्रयोगशाळेत दाबून, वाकवून पाहिली जातात, नंतर प्राण्यांवर आणि शेवटी मनुष्यांवर. प्राण्यांवरील प्रयोग अहिंसेला मानणाऱ्या मनाला सलतात, आणि ते सलावेतच. म्हणूनच स्कॅनवरून घडविलेल्या कृत्रिम नळीवर शक्य तेवढ्या कसोट्या घेणे हा विज्ञानाइतकाच करुणेचाही मार्ग होय.

घरात असा प्रसंग आलाच, तर डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हा स्टेंट पुढे काढता येईल काय? कफ साचू नये म्हणून काय करावे? तपासणीस पुन्हा केव्हा यावे? श्वास मोकळा झाला म्हणून उपचार संपत नाही. खरी देखभाल तेथूनच सुरू होते.