मूत्रपिंडांची काटकसर

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, या जिल्ह्याला दोन अंगें आहेत. एकीकडे प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकतो. तेथें १९५० सालीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दुसरीकडे पाथर्डी, जामखेड हे अवर्षणाचे तालुके. तेथील अनेक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. उन्हांत कोयता चालतो, घामावाटें पाणी जातें, आणि तें राखण्याचें काम दोन मूत्रपिंडांवर येऊन पडतें.

हें काम तीं कसें करतात? मूत्रपिंडाच्या आंतल्या गाभ्यांत क्षार व युरिया यांची दाटी रक्ताच्या चौपटीपर्यंत जाते. तिच्या जोरावर मूत्रांतलें पाणी परत शोषलें जातें. परंतु ही दाटी तेथील पेशींतलेंही पाणी ओढूं लागते. मिठांत मुरलेली कैरी सुरकुतते, तशीच त्यांची गत व्हावयाची! ती टळते, कारण पेशी आपल्यांत कांहीं निरुपद्रवी द्रव्यें सांठवून त्या ओढीशीं तोल साधतात. टॉरीन हें त्यांपैकीं एक. १८२७ सालीं टीडमान व ग्मेलिन या शास्त्रज्ञांना तें बैलाच्या पित्तांत सांपडलें.

टॉरीन मांसमासळींत पुष्कळ असतें. धान्यांत व डाळींत जवळजवळ नसतेंच. मग भाकरी-पिठल्यावर राहणाऱ्यानें काय करावें? त्यानें चिंता करूं नये. प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांपासून शरीर तें स्वतः बनवितें. शिवाय अन्नांतून कमी आलें, तर मूत्रपिंडें तें मूत्रांतून परत घेतात. अधिक झालें, तर बाहेर टाकतात.

म्हणून उत्साहवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांतील टॉरीनची निरोगी माणसाला सहसा गरज नसते. उलट, डायालिसिसवरील रुग्णांना तें मोठ्या मात्रेनें दिलें असतां रक्तांत सांचत गेल्याचें आढळलें आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यानें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तें घेऊं नये.

पेशींच्या या काटकसरीलाही मर्यादा आहे. मधुमेह वा रक्तदाब नसतांही मूत्रपिंडें निकामी झालेल्या शेतमजुरांची हकीकत एल साल्वादोर देशांतून २००२ सालीं प्रसिद्ध झाली. मध्य अमेरिकेंतील उसाच्या मळ्यांत हा विकार विशेष दिसतो. त्याचें कारण पूर्ण उलगडलेलें नाहीं. तथापि कडक ऊन, अतिश्रम व अपुरें पाणी यांवर मोठा संशय आहे. फडाजवळ झांकलेला पाण्याचा हंडा, थोडी सांवली आणि दुपारची विश्रांति यांची सोय करणें मात्र कोणाही मुकादमाला व कारखान्याला आजच शक्य आहे.